गरोदरपणातील आयोडीन आणि थायरॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस गेल्याचं कळलं की रक्ततपासण्यांच्या यादीत टीएसएच हमखास असतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक: थायरॉइड मंदावली की तो चढतो, जोरात चालली की उतरतो. त्याचा आकडा जरा वरखाली दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘मीठ कमी पडलं का?’ बहुतेक वेळा नाही. आयोडीन कमी असणं आणि थायरॉइड बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की एकीकडे नको ते आयोडीन पोटात जातं आणि दुसरीकडे हवी ती गोळी राहून जाते. खालची बरीच उत्तरं ही गल्लत सोडवण्यासाठीच आहेत.

गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते ती का?

थायरॉइडचं मुख्य संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन, रिपोर्टमधला टी-फोर. नावातला ‘फोर’ म्हणजे त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. टी-थ्रीमध्ये तीन. आयोडीनशिवाय ही संप्रेरकं बनतच नाहीत, आणि शरीर आयोडीन स्वतः तयार करू शकत नाही. ते बाहेरूनच यावं लागतं.

गरोदरपणात तीन गोष्टी एकदम घडतात. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे यकृत थायरॉक्सिनला धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. बरंचसं संप्रेरक त्या प्रथिनाला चिकटून बसतं, म्हणून आईच्या थायरॉइडला नेहमीपेक्षा साधारण निम्म्याने जास्त उत्पादन करावं लागतं. दुसरं, मूत्रपिंडं जोरात काम करू लागतात आणि आयोडीन लघवीतून जास्त जातं. तिसरं, बाळाचा वाटा.

निरोगी माणसाच्या शरीरात 15 ते 20 मिलीग्रॅम आयोडीन साठलेलं असतं आणि त्यातलं बहुतेक थायरॉइडमध्येच. हा साठा भरलेला असताना दिवस गेले, तर पहिले काही महिने त्यावर निभावतात. रिकामा असेल तर थायरॉइड ओढाताण करते आणि हळूहळू सुजते. गळ्याशी दिसणारा गलगंड तो हाच.

बाळाची स्वतःची थायरॉइड असते ना? मग आईच्या आयोडीनचा एवढा बाऊ कशाला?

असते, पण ती उशिरा कामाला लागते. बाळाची थायरॉइड आयोडीन खेचायला लागते ती दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास, आणि स्वतःचं संप्रेरक पुरेसं बनवू लागते ती सोळा ते वीस आठवड्यांच्या आसपास. तोवर मेंदूची पायाभरणी आईच्या थायरॉक्सिनवर चाललेली असते. पुढेही बाळाला लागणारं सगळं आयोडीन आईकडूनच येतं.

आता तारखा मांडून पाहा. पाळी चुकते तेव्हाच गर्भधारणेचा चौथा आठवडा संपलेला असतो, कारण आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. तपासणी, पहिली भेट, रिपोर्ट यांत सातवा-आठवा आठवडा सहज उजाडतो. म्हणून आयोडीनचा विचार दिवस जाण्याआधी व्हायला हवा, हे माझं मत मी कुणी न विचारताही सांगते. त्यामागे जुना पुरावा आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, जिथे आयोडीनची तीव्र कमतरता होती, 1966 पासून काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं गेलं. 1971 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयोडीन मिळालेल्या गटात क्रेटिनिझम, म्हणजे जन्मतः येणारं गंभीर बौद्धिक आणि शारीरिक अपंगत्व, फार कमी दिसलं. त्या गटातही जी थोडी बाधित मुलं जन्मली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयांना इंजेक्शन मिळालं तेव्हा दिवस गेलेलेच होते.

नेमकं किती आयोडीन लागतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एरवी मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250. अमेरिकेत हाच आकडा गरोदरपणासाठी 220 आणि स्तनपानासाठी 290 धरतात. या फरकावर डोकं शिणवू नका. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि रोजच्या जेवणात एवढा चढउतार होतोच. आठवड्याची सरासरी बरी असली की झालं.

आयोडीनयुक्त मिठातून ही गरज भागते का?

मिठाच्या पाकिटावर आयोडीनचं प्रमाण बहुधा पीपीएममध्ये छापलेलं असतं. ते वाचायची युक्ती सोपी आहे: 1 पीपीएम म्हणजे 1 ग्रॅम मिठात 1 मायक्रोग्रॅम. पाकिटावर 30 पीपीएम असेल आणि दिवसभरात 5 ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास एक सपाट चहाचा चमचा, पोटात जात असेल, तर 150 मायक्रोग्रॅम झाले. 15 पीपीएमच असेल तर फक्त 75. शिजवताना त्यातलंही थोडं उडतं. शिवाय तो चमचाभर म्हणजे दिवसभराचं सगळं मीठ. पाकीटबंद पदार्थांतलं मीठ बऱ्याचदा आयोडीनयुक्त नसतं.

म्हणजे मीठ हा पाया आहे आणि उरलेलं दूध, दही, अंडी, समुद्री मासे यांतून यावं लागतं. हिशेब जुळत नाही म्हणून मीठ वाढवायचं मात्र नाही. रोज 5 ग्रॅमची मर्यादा रक्तदाबासाठी आहे, आणि गरोदरपणात रक्तदाबाशी खेळ नको.

आम्ही सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरतो. ते नैसर्गिक असतं ना?

नैसर्गिक असतं, पण त्यात आयोडीन नगण्य असतं. समुद्री मिठाचंही तेच. समुद्रात आयोडीन आहे म्हणून समुद्रमिठात भरपूर असेल असं वाटतं, पण पाणी आटून मीठ तयार होईपर्यंत त्यातलं फारच थोडं उरतं. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजा. स्वयंपाकघरात दोन प्रकारचं मीठ असेल, तर रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त आणि वरून भुरभुरायला आवडेल ते, एवढी वाटणी करा.

मीठ ठेवताना काय सांभाळायचं?

झाकणाचा डबा, कोरडा चमचा, शेगडीपासून लांब. ओल आणि उष्णता हे आयोडीनचे शत्रू. शक्य असेल तिथे मीठ शेवटी शेवटी घाला.

मी दूध, अंडी, मासे काहीच खात नाही. मग?

मग तुमच्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं. धान्य, डाळी, भाज्या यांत आयोडीन किती हे जमिनीवर अवलंबून असतं, आणि पुराने-पावसाने धुपलेल्या किंवा डोंगराळ जमिनीत ते कमी असतं. सोया, बदाम, ओट यांच्या ‘दुधात’ कंपनीने वेगळं घातलं नसेल तर ते जवळपास नसतंच. जाता जाता एक गंमत: गाईच्या दुधातलं आयोडीनही सगळं गवतातून येत नाही. बरंचसं पशुखाद्यातून आणि काही सडं धुवायच्या आयोडीनच्या द्रावणातून येतं.

असा आहार असेल आणि त्यात मीठही आयोडीनयुक्त नसेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे आपणहून सांगा. ‘जेवण व्यवस्थित आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका.

आयोडीनची वेगळी गोळी घ्यावी का?

याचं एकच उत्तर नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन दिवस जाण्याच्या आधीपासून रोज 150 मायक्रोग्रॅम पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात घ्यायला सांगते. जिथे आयोडीनयुक्त मीठ वर्षानुवर्षं घरोघरी पोचलेलं आहे, तिथे वेगळ्या गोळीची सरसकट गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं धोरण आहे.

पुरावा काय म्हणतो? तीव्र कमतरतेत आयोडीनने फायदा होतो यात वाद नाही. सौम्य कमतरतेत चित्र धूसर आहे. 2013 साली ब्रिटनमधल्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीला आयोडीन कमी असलेल्या आयांची मुलं आठ-नऊ वर्षांची झाल्यावर वाचनात आणि शाब्दिक बुद्ध्यांकात थोडी मागे दिसली. पण 2017 साली बंगळुरू आणि बँकॉकमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे सौम्य कमतरता असलेल्या गरोदर बायकांना रोज 200 मायक्रोग्रॅम आयोडीन किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली होती. पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये काहीच फरक आढळला नाही. माझं वाचन असं: आहार आणि मीठ ठीक असेल तर गोळीसाठी धावाधाव नको. आहारात उघड खड्डा असेल तर 150 मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

लेबल वाचताना एक फसगत होते. ‘पोटॅशियम आयोडाइड 196 मायक्रोग्रॅम’ लिहिलं असेल तर त्यात आयोडीन सुमारे 150 असतं, बाकी वजन पोटॅशियमचं. आणि लोह-फॉलिक अॅसिडच्या साध्या गोळीत आयोडीन असेलच असं नाही. पाकीट उलटं करून पाहा.

ज्यांना थायरॉक्सिनची गोळी चालू आहे किंवा हायपरथायरॉइडचे, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चालण्याचे, उपचार चालू आहेत, त्यांना आयोडीनची वेगळी गोळी सुरू करायची गरज नसते.

माझं आयोडीन कमी आहे का, हे तपासता येतं का?

एकटीपुरतं, विश्वासाने नाही. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लघवीतून बाहेर पडतं, म्हणून लघवीची तपासणी करतात. पण काल काय खाल्लं, आज पाणी किती प्यायलं यावर तो आकडा उड्या मारतो. एका व्यक्तीचा बऱ्यापैकी अंदाज यायला दहाएक वेगवेगळ्या वेळचे नमुने लागतात. ही तपासणी लोकसमूहासाठी आहे: गरोदर बायकांच्या गटाचा मध्यांक लिटरला 150 ते 249 मायक्रोग्रॅम असेल तर त्या गटाला आयोडीन पुरेसं मिळतंय. एका नमुन्यात 110 आलं म्हणून रात्रभर जागत बसायचं कारण नाही.

टीएसएच किती असावा? रिपोर्टवर छापलेली मर्यादा गरोदर बाईला लागू होते का?

बहुतेक वेळा नाही. छापलेली मर्यादा सर्वसाधारण प्रौढांची असते. पहिल्या तिमाहीत गर्भाचं एचसीजी हे संप्रेरक भरपूर असतं. त्याची ठेवण टीएसएचसारखी असल्यामुळे ते थायरॉइडला थेट चालना देतं आणि मेंदूकडून येणारा टीएसएच खाली जातो. म्हणून आठव्या-दहाव्या आठवड्यात 0.2 आला आणि रिपोर्टवर ठळक ‘कमी’ छापलं, तरी तो आजार असेलच असं नाही.

वरच्या मर्यादेचा घोळ मोठा आहे. 2011 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तिमाहीसाठी 2.5 ही सीमा होती. तिच्यामुळे पुष्कळ निरोगी बायकांवर ‘थायरॉइड’चा शिक्का बसला. 2017 मध्ये ती बदलली. आता, स्थानिक आकडे उपलब्ध नसतील तर, 4.0 च्या आसपासची सीमा धरतात. 2.5 चा आकडा संपलेला नाही. ज्यांना गोळी चालूच आहे त्यांचा टीएसएच 2.5 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. ‘माझा 3.1 आहे आणि शेजारणीला तेवढ्यावरच गोळी दिली’ ही तुलना म्हणूनच चालत नाही. तिला आधीपासून आजार असेल, तिच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या असतील, किंवा तिच्या डॉक्टरांकडे जुनीच सीमा असेल.

टीएसएच वाढलाय. आयोडीन जास्त घेतलं तर उतरेल का?

नाही. उलट चढूही शकतो. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड मंदावण्याचं मुख्य कारण हाशिमोटो हा आजार असतो: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. अशा ग्रंथीला जास्त आयोडीन सोसत नाही. तिला हवं असतं तयार संप्रेरक, म्हणजे थायरॉक्सिनची गोळी.

गोळी केव्हा लागते यावर मात्र संशोधन झालं आहे. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणात थायरॉइड मंदावलेली असून उपचार न झालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी 7 गुणांनी कमी दिसला. त्यानंतर 2012 आणि 2017 साली मोठ्या चाचण्या झाल्या. टीएसएच किंचित वाढलेल्या किंवा टी-फोर जरासं कमी असलेल्या बायकांना गरोदरपणात गोळी देऊनही मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. त्यांत गोळी सुरू होईपर्यंत पहिली तिमाही उलटलेली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण आकडा सीमेवर असेल तर घाबरून जाऊ नये एवढं त्यातून नक्की निघतं. टीएसएच 10 च्या वर असेल तर उपचाराबद्दल दुमत नाही.

मी आधीपासून थायरॉक्सिन घेते. दिवस गेल्यावर काय करायचं?

डोस बहुतेकींना वाढवावा लागतो, साधारण 25 ते 30 टक्क्यांनी, आणि तोही लवकर. सोपी पद्धत अशी: आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ, म्हणजे दोन दिवस दुहेरी. हे मूल हवंय असं ठरेल तेव्हाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर भेटीची वाट पाहण्यात तीन आठवडे जात नाहीत. पुढे अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा.

डोस बरोबर असूनही टीएसएच चढतो तेव्हा दोष बहुतेकदा वेळेचा असतो. सकाळी थायरॉक्सिन आणि त्याच घोटाबरोबर लोह-कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच पकडून ठेवतात. मध्ये चार तास हवेत. थायरॉक्सिन उठल्याउठल्या उपाशीपोटी, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, असं वेळापत्रक मोबाइलच्या गजरात घालून टाका.

आणि ‘गरोदरपणात औषधं नकोत’ म्हणून ही गोळी बंद करणं ही सगळ्यात महाग चूक. ती तुमच्या शरीरात बनायला हवं होतं तेच संप्रेरक आहे.

टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्यात, पण टीएसएच नॉर्मल आहे.

या अँटिबॉडी म्हणजे प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटल्याची खूण. थायरॉइड पुढे मंदावू शकते, म्हणून टीएसएचवर नजर ठेवायची. नुसत्या अँटिबॉडीसाठी थायरॉक्सिन देऊन गर्भपात टळतात का, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही.

आयोडीन जास्त झालं तर काय होतं?

आयोडीनचा मोठा लोंढा आला की थायरॉइड काही दिवस काम थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी त्यातून आपोआप सावरते. गर्भाच्या ग्रंथीला ही सावरण्याची हातोटी जवळपास छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत येत नाही. म्हणून आईचं सगळं ठीक असूनही बाळाची थायरॉइड दबू शकते. गरोदरपणात रोजचं प्रमाण सातत्याने 500 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानतात.

मीठ आणि साधा आहार यांतून एवढं होत नाही. होतं ते केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून, जिथे एकेका गोळीत किती आयोडीन आहे याचा नेम नसतो. ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतून आणि आयोडीनच्या थेंबांतूनही होतं. औषधांतही ते लपलेलं असतं: हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या अमिओडारोनच्या 200 मिलीग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलीग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तीनशेपट. मोठ्या जखमेवर रोज लावलेलं पोव्हिडोन आयोडीनही शोषलं जातं. खरचटल्यावर एकदा लावलं म्हणून काही बिघडत नाही.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करू का?

नको. शिजवलेल्या भाज्यांनी, आयोडीन पुरेसं असेल तर, काही होत नाही. त्यापेक्षा सिगारेट बंद करा. धुरातून शरीरात जाणारं थायोसायनेट आयोडीनची वाट अडवतं आणि आईच्या दुधातलं आयोडीनही कमी करतं.

टीएसएच फार कमी आणि छातीत धडधड. हे हायपरथायरॉइड का?

असेल किंवा नसेल. उलट्या खूप होत असतील तर बऱ्याचदा एचसीजीचाच हा प्रताप असतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तो आपोआप निवळतो. खरा ग्रेव्हज आजार, म्हणजे प्रतिकारशक्तीच थायरॉइडला सतत डिवचते तो, असेल तर टी-फोर वाढलेलं असतं, कधी डोळे पुढे आलेले असतात, आणि टीएसएच रिसेप्टरच्या अँटिबॉडी तपासाव्या लागतात, कारण त्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल ही थायरॉइडला आवरणारी औषधं चालू असताना दिवस गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीच्या आठवड्यांत या औषधांनी बाळात जन्मजात दोष येऊ शकतात, म्हणून गरज असेल तर बदलून प्रोपिलथायोयुरासिल देतात. किरणोत्सारी आयोडीन गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

धावपळ करण्याआधी एक विचारून घ्या: केस-नखांसाठी बायोटिन चालू आहे का? बायोटिनचा मोठा डोस काही यंत्रांवरच्या तपासणीत ढवळाढवळ करतो, आणि टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटं जास्त दिसतं. दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त द्या.

बाळंतपणानंतर काय?

अंगावर पाजत असाल तर आयोडीनची गरज तेवढीच राहते, कारण बाळाला ते दुधातूनच मिळतं. थायरॉक्सिनचा डोस पहिल्यासारखा करून सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. गोळी घेताना पाजायला काहीच हरकत नाही.

बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन जन्मजात थायरॉइड दोषाची तपासणी होते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली बरी, कारण जन्मल्याबरोबर बाळाचा टीएसएच तसाही उसळलेला असतो. असा दोष साधारण दोन ते चार हजारांत एका बाळाला असतो. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं. रुग्णालयातून घरी निघताना ही तपासणी झाली का, आणि रिपोर्ट कुठे व केव्हा मिळेल, हे विचारून कागदावर लिहून घ्या.

आईचं मात्र इथे राहून जातं. बाळंतपणानंतरच्या वर्षात साधारण शंभरातल्या पाच बायकांना थायरॉइडची सूज येते: आधी धडधड, चिडचिड, वजन उतरणं, मग काही महिन्यांनी उलट, थकवा, उदासी, केस गळणं. ‘लहान मूल आहे, झोप नाही, होणारच’ म्हणून ते सोडून दिलं जातं. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या बायकांनी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात टीएसएच करून घ्यावा, तक्रार असो वा नसो.